माणिकप्पा काकांचं आवतण

सोलापूरचं नाव काढलं की आमचे माणिकप्पा काका तोंड वाकडं करायचे. पारावर कुणी म्हटलं, "माझा जावई सोलापुरात गिरणीत लागला," की काका लगेच, "अरेरे!" आता ह्यात अरेरे काय? पण काकांचं सुरू व्हायचं. तिथं माणसाला कोंबडा उठवत न्हाय, भोंगा उठवतो. पाण्यासाठी बायका एकमेकींच्या झिंज्या धरतात. सकाळी परसाकडला जायचं तर डबा घेऊन रांगेत उभं राहायचं, आणि पुढचा गडी आत निवांत बिडी ओढत बसलेला. धूर तर असा, की धुतलेलं धोतर वाळेपर्यंत काळं. माणसं हसून हसून बेजार. मग मुद्दाम कुणीतरी खोडी काढायचं, "काका, पण रस्त्यावर बत्ती हाय की तिथं!" की काका उसळायचे, "हाय ना बत्ती! पण त्या उजेडात कुणी कुणाचं तोंड बघत न्हाय, त्याचं काय?"

मी त्यांच्या थोरल्या भावाची मुलगी. काकांना मूलबाळ नव्हतं, म्हणून माझा निम्मा दिवस त्यांच्याच घरात जायचा. मला वाटायचं, काकांना शहर आवडत नाही ते ह्या नळासाठी आणि संडासासाठीच. गावात सगळ्यांनाच तसं वाटायचं. काकांनीही ते तसंच वाटू दिलं.

त्यांची एक खोड मात्र आम्हाला कळायची नाही. वेळ अमावस्येला आमच्याकडं सगळं गाव रानात जेवायला जातं. रानात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायचं, पांडवांची पूजा करायची, आणि भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे पोट फुटेस्तोवर खायचे. त्या दिवशी काका गाडी जुंपायच्या आधी गल्लीतलं एकेक दार वाजवत जायचे. "हाय का घरात?" आतून "हाय काका!" असं आलं की पुढचं दार. ओ आली नाही तर हलायचेच नाहीत. आम्ही पोरं मुद्दाम गप बसून त्यांना ताटकळत ठेवायचो. एकदा महालिंगप्पाची सून न्हाणीत होती, तिला ऐकू गेलं नाही, तर ह्या माणसानं दाराला खांदाच लावला. केवढा गोंधळ! ती बिचारी ओल्या केसांनी ओरडत, काका खाली मान घालून उभे, आणि गल्ली खो खो हसतेय.

मी हसले होते, म्हणून आता सांगताना मान वर होत नाही. काका गेल्यावर इरम्मा काकूनं मला खरं काय ते सांगितलं. वेळ अमावस्येच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी भज्जीसाठी वाटाणे सोलत बसलो होतो. काकू म्हणाली, "त्यांना हसू नगं गं. ते दार वाजवत न्हवते. ते माफी मागत फिरत व्हते."

तर निजामाच्या वेळची गोष्ट. आमची तामलवाडी निजामाच्या मुलखात, आणि पलीकडं सोलापूर इंग्रजांचं. काका शेती करायचे, पण गावात त्यांना मान होता तो दुसऱ्याच कामासाठी. आमच्या लिंगायतांत मेलेल्या माणसाला जाळत नाहीत, बसवून मातीत ठेवतात. नेतातही बसवूनच. लाकडी चौकटीला केळीचे खांब बांधायचे, झेंडूच्या माळा सोडायच्या, मधे माणसाला मांडी घालून बसवायचं. त्याला विमान म्हणतात. ते विमान काका बांधायचे. त्याचे पैसे घ्यायचे नाहीत आणि कुणी बोलावण्याची वाटही बघायचे नाहीत. कोण आजारी आहे, कोणाचा घास सुटला, हे त्यांना आधीच ठाऊक असायचं. कोण कुठल्या वेळी गेलं, शेवटचं पाणी कुणी पाजलं, शेवटचा शब्द काय निघाला, सगळं काका सांगू शकायचे. बांधताना त्यांचा हात कधी कापला नाही म्हणतात.

आणि एका गोष्टीत ते भलते कडक. गल्लीत मढं असलं की ते उचलेपर्यंत गल्लीतल्या एकाही घरात चूल पेटायची नाही. हा रिवाज सगळ्यांचाच, पण काका त्याचे कोतवाल. गल्लीतली चन्नम्मा आजी गेली त्या दिवशी काका विमान बांधत होते, आणि बघतात तर गुंडप्पाच्या घरातून धूर निघालेला. गुंडप्पा म्हणजे आमचा भिंतीला भिंत लागून शेजारी. बायको माहेरी गेलेली, हा सकाळपासून रानात, परसातनं मागच्या दारानं घरात आलेला, भूक लागली म्हणून भाकरी थापत बसलेला. काका उठले, दारातली भरलेली घागर उचलली, आणि सरळ त्याच्या चुलीवर ओतली. तव्यावरच्या भाकरीसकट.

"मला ठाऊक न्हवतं, अण्णा," गुंडप्पा म्हणाला.

"शेजारी म्हणवतोस आन ठाऊक न्हाय?" काका गरजले. सगळी गल्ली दारात उभी. "अरे, ठाऊक नसणं हाच तर गुन्हा! गल्लीत मढं असताना तुझ्या नरड्याखाली घास उतरतो तरी कसा?"

गुंडप्पा राखेच्या चिखलात तसाच बसून राहिला. त्यानंतर किती तरी दिवस तो पारावर आला नाही. पोरं त्याला 'चूलपेटव्या' म्हणायला लागली, आणि काकांनी पोरांना कधी दटावलं नाही. काकूला ते खटकायचं. पण नवऱ्याला कोण बोलणार?

मग ते वाईट दिवस आले. इंग्रज गेला होता, पण आमच्याकडं निजाम तसाच होता. रझाकारांची टोळकी फिरू लागली, हद्दीवरची गावं रिकामी होऊ लागली. तामलवाडीची बरीच माणसं सोलापूरला निर्वासितांच्या छावणीत जाऊन राहिली. गुंडप्पा, महालिंगप्पा आणि शांतलिंग हे त्यातलेच. काका-काकूंना मात्र ओळखीनं गिरणीच्या मागच्या चाळीत खोली मिळाली. खोली कसली, मालकानं एका खोलीत मधे पत्रा ठोकून दोन केलेल्या. पत्र्याच्या अलीकडं काका-काकू, पलीकडं द्वारकाबाई.

द्वारकाबाई तुळजापूरच्या पुजाऱ्यांच्या घरातल्या. वय झालेलं, अंगावर विधवेचं लाल आलवण, हातात कायम तांब्या. सोवळं भारी. नळावर बाकीच्या बायका यायच्या आधी जाऊन पाणी भरून आणायच्या. त्यांना एक पुतण्या होता, मार्तंड. तो निजामाविरुद्धच्या चळवळीत पडला आणि निजामानं त्याला तुरुंगात टाकलं. मग कुणी तरी ह्या म्हातारीला बैलगाडीत घालून सोलापुरात आणून सोडलं. तिला इथं कोण होतं? पत्र्यापलीकडची आमची काकू. बस.

काकूनं बोलता बोलता त्यांना काकांच्या विमानाचं सांगितलं असणार. एक दिवस नळावर बाईंनी काकांना गाठलं.

"माणिकप्पा, इथं एकटं माणूस गेलं की म्युनिसिपालटीची गाडी येते म्हणे. मागच्या चाळीतला म्हातारा नेला, मी पाहिलं. पाय बाहेर लोंबत होते हो त्याचे. मार्तंड सुटून येईपर्यंत जगले तर प्रश्नच नाही. पण नाहीच जगले, तर मला त्या गाडीवर जाऊ देऊ नका. एवढं कराल?"

काकांनी घागर खाली ठेवली. "बाई, म्या हाय न्हवं पत्र्यापलीकडं? तुमी बेवारस जाणार न्हाय. शब्द दिला म्हणून समजा."

बाईंनी नळावरच त्यांना हात जोडले. काकांची छाती फुगली. घरी येऊन काकूला म्हणाले, "बघ, शहरात आलो तरी माणसं वळखतात."

आता काकांची बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल ही पोरगी चुलत्याची निंदा करायला बसली. काकांना त्या शहरानं खरंच पिळून काढलं होतं. गावात ज्याच्या शब्दावर चुली विझायच्या, त्याला इथं नळावर एखादी पोरसवदा बाई म्हणायची, "ए म्हाताऱ्या, सरक!" गिरणीत काम मिळालं ते कचरा झाडायचं. कुणी नाव विचारत नव्हतं. एवढी माणसं भोवती, आणि काकांना हाक मारायला एकही नाही. त्यांचा राग दिवसभर साठत जायचा आणि तो कुठं काढावा, हे त्यांना कळत नव्हतं.

थंडी पडली आणि बाईंना खोकला लागला. काका रोज सकाळी तळहातावर लिंग घेऊन पूजेला बसायचे. तेवढीच काय ती त्यांची घटका. आणि नेमका तेव्हाच पत्र्यापलीकडून खोकला सुरू व्हायचा. सुरू झाला की थांबायचं नाव नाही. भोंग्याला काही सांगता येत नव्हतं, नळावरच्या बायकांना सांगता येत नव्हतं. एका सकाळी काकांनी तांब्या उचलला आणि पत्र्यावर दाणदाण हाणला.

"ओ बाई! देवापुढं तरी सुखानं बसू द्या की माणसाला!"

पलीकडं एकदम सामसूम. मग बारीक आवाज आला, "चुकलं हो. तोंडात पदर धरते."

काकू मला म्हणाली, "मला तवा जिमिनीत गडप व्हावं वाटलं. पण म्या बोलले न्हाय." दुसऱ्या दिवशी पुन्हा खोकला, पुन्हा तांब्या. पत्र्यावर पोचे पडले. बाई नळावर काकूशी नजर मिळवीनाशा झाल्या, जणू अपराध त्यांनीच केला होता. पुढं पुढं खोकला दबका यायला लागला, कुठून तरी लांबून आल्यासारखा. मग तोही ऐकू येईना. काका खूश. "बघितलंस? सांगितलं की माणूस सुधारतं."

वेळ अमावस्या आली. छावणीतल्या आपल्या माणसांना जेवायला बोलवायचं, असं काकांनी ठरवलं. रान नाही तर नाही, खोलीत तरी सण करू. आदल्या दिवशी काकू म्हणाली, "अहो, आज बाई नळावर दिसल्या न्हाईत."

"बरं झालं. आपला नंबर लौकर लागला," काका म्हणाले.

सणादिवशी काकूनं चूल अशी पेटवली की खोलीत बसवेना. भज्जी शिजली, आंबीलीचं मडकं भरलं, तिळाच्या पोळ्या झाल्या. गुंडप्पा, महालिंगप्पा आणि शांतलिंग आले. गुंडप्पाला काकांनी स्वतः आवतण दिलं होतं. परक्या शहरात जुनं काय धरून बसायचं, म्हणून. गुंडप्पाही आला बिचारा, दोन पेरू घेऊन.

जेवायला बसायच्या आधी काका बाहेर गॅलरीत गेले. आमच्यात पद्धत अशी की रानातल्या बांधावर उभं राहायचं आणि मोठ्यानं ओरडायचं, "जेवाया या हो!" वाटेनं जाणारा कुणी का असेना, त्याला ओढून आणून जेवू घालायचं. त्या दिवशी उपाशी कुणी जाता कामा नये. काकांनी गॅलरीच्या कठड्याला हात टेकून तशीच आरोळी ठोकली. खाली नळावरच्या बायकांनी वर बघितलं आणि तोंडाला पदर लावून हसल्या. एका खोलीतला माणूस बाहेर डोकावला, "येड लागलं काय रे?" म्हणाला, आणि त्यानं दार लावून घेतलं.

काका आत आले ते तणतणत. "शहर म्हणे! जेवाया बोलवलं तर दारं लावून घेत्यात. माणसं हायेत का भुतं?"

त्यांच्या डाव्या हाताला, दोन पावलांवर, बाईंचं दार होतं. ते त्यांनी वाजवलं नाही. बांधावरून ओरडायची सवय, रानात दारं कुठं असतात? काकू शेवटपर्यंत त्यांची बाजू घेऊन हेच म्हणायची. पण तिच्या आवाजावरून कळायचं, की हे तिचं तिलाही पटत नव्हतं.

काकूनं आठवण करून दिली होती. "अहो, बाईंना आपलं शिजलेलं चालायचं न्हाय. पण बोरं, पेरू, हरभरा, गूळ असं कोरडं तरी देऊन येते. सणाचा दिस हाय."

"जेवणं झाल्यावर दे," काका म्हणाले. "आत्ता दार वाजवशील तर खोकत बसंल, आन पावण्यांच्या नरड्यात घास अडकंल."

पाहुणे हसले. पानं वाढली. काका पत्र्याला पाठ टेकून बसले.

"पलीकडं कोण ऱ्हातं, अण्णा?" गुंडप्पानं विचारलं.

"हाय एक म्हातारी. लई खोकायची. आता शिकली गप बसायला."

सगळे पोटभर जेवले. काकांनी गुंडप्पाला आग्रह करकरून आंबील पाजली. किती दिवसांनी त्यांना आपल्या गावात असल्यासारखं वाटत होतं. मग काकूनं सुपात बोरं, पेरू, हरभरा भरला, वर गुळाचा खडा ठेवला, आणि ती शेजारी गेली.

ती लगेच परत आली. सूप तसंच भरलेलं. दारात उभी राहून म्हणाली, "अहो. बाई गार झाल्यात."

काकांच्या तोंडात तिळाच्या पोळीचा घास होता. त्यांनी तो थुंकला नाही, गिळला. काकू म्हणायची, "त्यो गिळल्याला आवाज मला अजून ऐकू येतो."

बाई लांबच्या भिंतीच्या कडेला पडल्या होत्या, पोटाशी पाय घेऊन. अंगावर आलवणाशिवाय काही नाही. पदराचा बोळा तोंडात. चुलीतली राख थंडगार, कधीची कुणाला माहीत. माणसं जमायला लागली तसा चाळीचा मुकादम वर आला. आत डोकावून म्हणाला, "बेवारस दिसतीय. गाडी बोलावतो."

"बेवारस न्हाय," काका म्हणाले. "म्या हाय."

"तू कोण?"

"शेजारी."

"बरं. कधी गेली मग?"

काकांची नजर चुलीतल्या राखेवर गेली.

"अरे, आज गेली, का काल गेली? वर विचारतील मला."

काका काकूकडं बघायला लागले. काकू म्हणाली, काल नळावर नव्हत्या. परवा? परवाचंही नक्की सांगता येईना. खोकला शेवटचा कधी ऐकला? तेही कुणाला सांगता येईना. सगळ्या तामलवाडीचं मरण ज्याला घटकेसकट ठाऊक, तो माणूस त्या खोलीत तोंड उघडून नुसता उभा राहिला.

"शेजारी म्हणवतोस आन ठाऊक न्हाय?" मुकादम म्हणाला.

गुंडप्पा तिथंच उभा होता. काकांनी त्याच्याकडं बघितलं नाही. बघायची हिंमत झाली नाही. गुंडप्पानंही मान फिरवली. त्याच्याच लाजेचा मामला असल्यासारखं त्याचं तोंड झालं होतं.

गाडी काकांनी येऊ दिली नाही. एवढा शब्द पाळला म्हणायचा. पण खांदेकरी पाहिजेत म्हणून ते गॅलरीतून निघाले, तर दर खोलीत चूल पेटलेली. कुठं फोडणीचा वास, कुठं भाकरीचा. काका प्रत्येक दारात थांबायचे आणि पुढं जायचे. काय म्हणणार? विझवा चुली? चाळीत सगळ्यात मोठी चूल त्यांच्याच खोलीत पेटली होती. शेवटी ते तसेच परत आले, आणि आमची तामलवाडीची चारच माणसं उरली.

आता बाईंना न्यायचं कसं? काकांना बसवून न्यायचं ठाऊक. ब्राह्मणाच्या बाईला निजवून तिरडीवर नेतात, ती तिरडी बांधायची कशी, हे देवळातल्या पुजाऱ्याला विचारून यावं लागलं. बांबू बांधताना काकांच्या हातून गाठ सुटायची. अंगावर घालायला काही द्या, असं कुणीतरी म्हटलं. खोलीत अंधार. गुंडप्पा चाचपडत बघत होता.

"हितं गोधडी हाय की," तो म्हणाला. "पत्र्याला ठोकलीय. ही हितं कशाला टांगली? हिकडून वारा येतो व्हय?"

बाईंची ती एकुलती एक गोधडी. वरून खिळे मारून पत्र्याला टांगलेली, खालपर्यंत. ज्या ठिकाणी पत्र्याला पोचे पडले होते, तिथं तिची दुहेरी घडी घातलेली.

"वारा कुठला," काकू म्हणाली. तिला रडू आवरेना. "पलीकडं आमी हाय न्हवं. आमाला खोकला ऐकू जाऊ नये म्हणून."

काकांनी गोधडीला हात लावून बघितला. तिच्या पलीकडंच मघा ते पाठ टेकून जेवले होते. एवढ्या थंडीत ती म्हातारी गार फरशीवर पडून राहिली, आणि तिची गोधडी ह्यांच्या शांततेला पांघरलेली.  काकांनी स्वतः खिळे उपसले. गोधडी बाईंच्या अंगावर घातली, पायापर्यंत नीट खोचली, आणि म्हणाले, "थंडी वाजली असंल वं."

स्मशानात पुजाऱ्यानं विचारलं, अग्नी कोण देणार? पुतण्या तुरुंगात. आमच्यात तर अग्नीच नाही, माती. पण दुसरं होतंच कोण? ज्या माणसानं जन्मभर लोकांच्या चुली विझवल्या, त्यानं त्या दिवशी चिता पेटवली. हात इतका कापत होता, की गुंडप्पानं मनगट धरलं तेव्हा कुठं पेट घेतला.

घरी आल्यावर काकांनी घागर उचलली आणि आपल्या चुलीवर ओतली. निखारे अजून होते, खोली वाफेनं भरली. मग रिकामी घागर गुंडप्पापुढं ठेवून म्हणाले, "गुंडप्पा, बोल मला. चार माणसांत बोल. म्या तुला बोललो व्हतो तसं."

"कसं बोलू, अण्णा?" गुंडप्पा म्हणाला. "आंबील म्या बी पिलो की."

निजामाचं राज्य बुडालं, आम्ही सगळे गावाकडं परतलो. आणि एक दिवस मार्तंड तामलवाडीत आला. तुरुंगातून सुटलेला, वाळलेला, डोळे खोल गेलेले. कुणाकडून तरी त्याला कळलं होतं, की लिंगायत असून एका माणसानं आपल्या काकूला अग्नी दिला. पारावर सगळ्या गावासमोर तो काकांच्या पाया पडला. "मी घरचा असून नव्हतो, तुम्ही परके असून झालात," म्हणाला. बरोबर आणलेली नवी काळी घोंगडी त्यानं काकांच्या खांद्यावर घातली. गावानं माना डोलावल्या.

काकांनी तोंड उघडलं होतं. सांगायचंच होतं त्यांना. पण मार्तंडनं विचारलं, "शेवटी फार हाल नाही ना झाले तिचे?" आणि काका म्हणाले, "न्हाय." एवढंच. काकू म्हणायची, पत्रा बडवल्यापेक्षा ह्या एका 'न्हाय'ची त्यांना जास्त लाज होती. कारण ते लेकराला बरं वाटावं म्हणून बोलले, का स्वतःचा मान राहावा म्हणून, हे त्यांचं त्यांनाच शेवटपर्यंत कळलं नाही. विमान बांधायचं त्यांनी त्या दिवसापासून सोडलं. गावाला वाटलं, वय झालं.

घोंगडी त्यांनी कधी पांघरली नाही. घडी घालून आढ्याला टांगलेली असायची.

शेवटच्या हिवाळ्यात काकांना खोकला लागला. छाती भरून यायची, धाप थांबायची नाही. एका पहाटे काकूनं ती घोंगडी काढली आणि त्यांच्या अंगावर घातली. काकांनी ती ढकलून दिली.

"मला नगं. भिताडाला लाव ती. गुंडप्पाच्या पोराबाळांची झोप मोडती."

काकू समजूत घालायला लागली, तर ते धडपडत उठून बसले, आणि घोंगडी हातात घेऊन स्वतःच भिंतीवर खिळा शोधायला लागले. त्यात पुन्हा उबळ आली. काकांनी धोतराचा सोगा तोंडात कोंबला.

आणि भिंतीपलीकडून म्हाताऱ्या गुंडप्पाचा आवाज आला. "खोका की वं, अण्णा! मोकळं खोका. ऐकू येतंय तवर आमाला घोर न्हाय."

काकांनी सोगा तोंडातून काढला, आणि भिंतीला डोकं टेकून ते लहान पोरासारखे रडले.